ताटं लख्ख, चमचे खरकटे

खुलताबादचा डोंगर काळ्या बेसाल्टचा. त्यातून झिरपत बोअरला येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पेला वाळल्यावर त्यावर उमटणारे पांढरे डाग त्यांचेच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने जडपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम ठेवली आहे. दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत. अशा पाण्यावर डिशवॉशर चालवलं की ताटं चकचकीत निघतात आणि चमच्यांना मात्र खरकटं चिकटलेलं राहतं. दोष बहुधा यंत्राचा नसतो.

डिशवॉशर भांडी घासत नाही, फिरत्या पंख्यातून गरम पाण्याचे फवारे मारतो. फवारा पोचेल तेवढंच धुतलं जातं. जोसेफिन कॉक्रेन यांनी 1886 मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही भांड्यांसाठी तारेचे वेगवेगळे कप्पे होते. एका मापाचे चमचे एका खणात घातले की ते एकमेकांच्या कुशीत शिरतात. मधला वरणभाताचा थर तसाच वाळतो, वर क्षार बसतात. आणि हाच चमचा पुढे लहान मुलाच्या तोंडात जातो!

म्हणून काही चमचे दांडी वर, काही दांडी खाली, मध्ये एखादा काटा, असे मिसळून ठेवावेत. खण गच्च भरू नये. सुरीचं टोक मात्र खालीच. बारीक दांडी जाळीतून खाली डोकावली तर पंखाच अडतो, आणि मग सगळीच भांडी अर्धवट धुतली जातात. पळी, झारा वरच्या कप्प्यात आडवे. पळी पालथी, नाहीतर तिच्यात गढूळ पाणी साचतं. खरकटं आधी काढून टाकलं की पुरे, विसळत बसायची गरज नाही.

जड पाण्यासाठी यंत्रात मिठाचा वेगळा कप्पा असतो. त्यात डिशवॉशरचं जाड मीठच घालावं. स्वयंपाकाचं बारीक मीठ गोळा होऊन बसतं.

उष्टावणाला मिळालेला चांदीचा चमचा स्टीलच्या गर्दीत ढकलू नये. ओल्या डिटर्जंटमध्ये दोन धातू एकमेकांना टेकले की रासायनिक क्रिया होऊन चांदीवर डाग पडतात. तो हातानेच धुवावा आणि लगेच कोरडा पुसावा. कल्हईची आणि पितळेची भांडीही यंत्राबाहेरच बरी.