चित्रपट ध्वनी अभियंता

चित्रपटातील संवाद, संगीत, पार्श्वध्वनी आणि शांतता यांचे मुद्रण, संस्करण व चित्रपटगृहातील पुनर्निर्मिती यांची तांत्रिक जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यावसायिकाला चित्रपट ध्वनी अभियंता म्हणतात. मनोरंजन उद्योगातील अभियांत्रिकी स्वरूपाच्या व्यवसायांपैकी भारतात रुजलेला हा एक जुना व्यवसाय आहे. व्यवहारात या एका नावाखाली तीन निरनिराळी कामे येतात. चित्रीकरणस्थळी आवाज टिपणारा तो ध्वनिमुद्रक, चित्रपटाच्या संपूर्ण ध्वनीची रचना ठरवणारा तो ध्वनी आरेखक, आणि सर्व ध्वनिपट्ट्या एकत्र आणून त्यांचा अंतिम तोल साधणारा तो ध्वनिमिश्रक. या तिघांची गल्लत प्रेक्षकांकडून तर होतेच, पण पुरस्कारांच्या याद्याही तिला अपवाद राहिलेल्या नाहीत.

== इतिहास ==

भारतातील पहिला बोलपट ''आलम आरा'' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासोबत विल्फोर्ड डेमिंग हे अमेरिकन तंत्रज्ञ आले होते. दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांनी त्यांच्याकडून ध्वनिमुद्रणाची मूलतत्त्वे शिकून घेतली. स्टुडिओ लोहमार्गालगत असल्यामुळे गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, म्हणजे मध्यरात्रीनंतर चित्रीकरण करावे लागे आणि मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी दडवावे लागत. त्या यंत्रात चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर उमटत. अशा पद्धतीत एखाद्या चौकटीचा ध्वनी त्या चौकटीशेजारी नसून काही चौकटी अंतरावर असतो. त्यामुळे चित्र जिथे कापावे तिथे ध्वनी भलत्याच ठिकाणी तुटतो. पुढे ध्वनीसाठी स्वतंत्र फिल्म वापरण्याची पद्धत रूढ झाली आणि संकलनाला मोकळीक मिळाली.

मराठीत प्रभात फिल्म कंपनीचा ''अयोध्येचा राजा'' १९३२ साली आला. दुसऱ्या भाषेत आवाज भरण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत वेगवेगळा चित्रित करण्यात आला. प्रभातच्या ध्वनिविभागाची धुरा कंपनीचे एक संस्थापक विष्णुपंत दामले यांच्याकडे होती. ''संत तुकाराम''चे सहदिग्दर्शक म्हणून ते सर्वश्रुत आहेत. ध्वनितंत्रातील त्यांच्या कामाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस दिग्दर्शित ''भाग्यचक्र'' आणि त्याची हिंदी आवृत्ती ''धूप छाँव'' यांत गाणे आधी मुद्रित करून नंतर त्यावर अभिनय चित्रित करण्याचे तंत्र वापरले गेले. दिग्दर्शकाचे बंधू मुकुल बोस हे त्या चित्रपटांचे ध्वनिमुद्रक होते. पार्श्वगायनाची सगळी परंपरा अशा रीतीने एका तांत्रिक अडचणीच्या निरसनातून सुरू झाली. नट-नटीला गाता येण्याची गरज तेथून संपू लागली.

== डबिंगचा काळ आणि थेट ध्वनीचे पुनरागमन ==

भारतात या व्यवसायाला जे वळण लागले त्यामागे कॅमेऱ्याची घरघर हे एक मोठे कारण आहे. १९६०च्या दशकापासून हिंदी चित्रपट स्टुडिओबाहेर पडले आणि हलके, सुटसुटीत, पण चालताना बराच आवाज करणारे ॲरिफ्लेक्स कॅमेरे सर्रास वापरले जाऊ लागले. त्या आवाजात संवाद स्वच्छ टिपणे शक्य नव्हते. चित्रीकरणस्थळी केवळ संदर्भापुरता ध्वनी घ्यायचा आणि नंतर बंद खोलीत पडद्याकडे पाहत कलाकारांनी संवाद पुन्हा म्हणायचे, हा रिवाज पडला. यालाच डबिंग म्हणतात. त्याच काळात युरोप-अमेरिकेत स्टेफान कुडेल्स्की यांच्या नाग्रा या सुवाह्य ध्वनिमुद्रकाने आणि आवाज न करणाऱ्या कॅमेऱ्यांनी स्थळमुद्रण सोपे केले होते. आपल्याकडे मात्र स्थळावरच्या ध्वनिमुद्रकाचे महत्त्व अनेक वर्षे ओसरले.

डबिंगचे फायदे खोटे नाहीत. गोंगाटाच्या रस्त्यावर चित्रीकरण करता येते, दिग्दर्शकाला शॉट चालू असतानाच सूचना ओरडून देता येतात आणि ज्याला भाषा येत नाही अशा कलाकाराला दुसऱ्याचा आवाज देता येतो. पण प्रत्यक्ष प्रसंगात लागलेली धाप, अडखळणे, सहकलाकाराच्या वाक्यावर उमटलेली तत्काळ प्रतिक्रिया काही महिन्यांनी वातानुकूलित खोलीत जशीच्या तशी परत येत नाही. आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित ''लगान'' (२००१) कच्छमध्ये थेट ध्वनीसह चित्रित झाला. त्याचे ध्वनिमुद्रण नकुल कामटे यांनी केले. त्यानंतर मोठ्या हिंदी चित्रपटांत ही पद्धत हळूहळू पुन्हा प्रतिष्ठित झाली.

== चित्रीकरणस्थळावरील काम ==

मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा ध्वनी मात्र त्या प्रमाणात घटत नाही. म्हणून मायक्रोफोन थोडा जरी मागे गेला तरी आवाज ‘लांबून’ आल्यासारखा वाटतो. लांब काठीच्या टोकाला मायक्रोफोन बांधून तो चौकटीच्या कडेबाहेर, पण नटाच्या शक्य तितक्या जवळ धरणाऱ्या सहायकाला बूम ऑपरेटर म्हणतात. त्याला संवाद पाठ असावे लागतात, भिंगाची कक्षा ठाऊक असावी लागते आणि स्वतःची सावली कुठे पडते याचे भान ठेवावे लागते. विस्तृत दृश्यात कपड्यांत लपवलेले बिनतारी मायक्रोफोन वापरतात. तेथे शत्रू कापडच असते, कारण खळ घातलेले सुती वस्त्र किंवा जरीची साडी प्रत्येक हालचालीत सळसळते.

प्रत्येक स्थळी सर्वांना गप्प उभे करून त्या जागेची निव्वळ ‘शांतता’ अर्धा-एक मिनिट मुद्रित केली जाते. नवख्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. प्रत्यक्षात पूर्ण निःशब्द अशी जागा नसतेच. संकलनात दोन संवादांमधली फट या मुद्रणाने भरली नाही तर ती कानाला खड्ड्यासारखी जाणवते.

चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या यंत्रांवर मुद्रित होत असल्याने त्यांचा मेळ हा गणिताचा प्रश्न ठरतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, म्हणजे एक चौकट सुमारे ४२ मिलिसेकंदांची. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत दहा भाग इतकाच फरक असला तरी तासाभरात ३६ मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ एका चौकटीची तफावत पडते. क्लॅपचा ‘टक्’ आवाज आणि दोन्ही यंत्रांना दिलेला समान टाइमकोड हे यावरचे उपाय आहेत.

== संस्करण आणि मिश्रण ==

चित्रीकरणानंतर संवादांची सफाई, पावलांसारखे आवाज पडद्याकडे पाहत हाताने निर्माण करणारे फॉली काम आणि वातावरणध्वनीची जुळणी होते. शेवटी संवाद, संगीत व परिणाम असे गट करून मिश्रण केले जाते. परळच्या राजकमल कलामंदिरात काम करणारे मंगेश देसाई हे या कलेतील आदराने घेतले जाणारे नाव आहे. ''शोले'' (१९७५) सारख्या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

डॉल्बी ॲटमॉस ही २०१२ साली आलेली प्रणाली एकाच वेळी १२८ ध्वनिपट्ट्या आणि ६४ पर्यंत ध्वनिक्षेपक वाहिन्या हाताळू शकते. तथापि साधनांची संख्या वाढली म्हणून मूळ अडचण सुटत नाही. मिश्रण कक्षात पडद्यामागील प्रत्येक वाहिनी ८५ डेसिबल या संदर्भ पातळीवर जुळवलेली असते. चित्रपटगृहात हीच पातळी ठेवण्यासाठी नियंत्रक ७ या खुणेवर असावा लागतो. मोठ्या आवाजाच्या तक्रारींमुळे तो खाली ओढला गेला, की स्फोट सुसह्य होतात पण कुजबुज ऐकूच येत नाही. हे ठाऊक असल्याने काही मिश्रक सगळेच मोठे ठेवतात, मग चित्रपटगृहे आवाज आणखी खाली आणतात, आणि या ओढाताणीत बळी संवादाचा जातो. ध्वनीच्या वेगाचीही एक मर्यादा आहे. पडद्यापासून सुमारे १४ मीटर मागे बसलेल्या प्रेक्षकाला ओठांच्या हालचालीनंतर एका चौकटीने शब्द ऐकू येतो, आणि त्याला ते कळतही नाही.

== श्रेय आणि पुरस्कार ==

''स्लमडॉग मिलियनेअर''साठी २००९ साली रसूल पूकुट्टी यांना इयन टॅप व रिचर्ड प्राइक यांच्यासह ध्वनिमिश्रणाचा ऑस्कर मिळाला. मुंबईतील चित्रीकरणस्थळावरचे मुद्रण हा त्यांच्या कामाचा भाग होता. भारताच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २००९च्या चित्रपटांपासून ध्वनीचा पुरस्कार स्थळमुद्रण, आरेखन आणि अंतिम मिश्रण अशा तीन भागांत देण्यात येऊ लागला. मात्र २०२२ साली जाहीर झालेल्या ६८व्या पुरस्कारांत स्थळमुद्रणाचा मान ''डोल्लू'' या कन्नड चित्रपटाला मिळाला, तेव्हा तो डब केलेला असल्याचे खुद्द त्याच्या ध्वनी आरेखकाने जाहीरपणे सांगितले. ७०व्या पुरस्कारांपासून तीन विभाग रद्द होऊन केवळ ध्वनी आरेखनाचा एकच पुरस्कार उरला. त्यामुळे बूम आणि बिनतारी मायक्रोफोन घेऊन दिवसभर उन्हात उभे राहणाऱ्यांच्या कामाला राष्ट्रीय पातळीवर आज स्वतंत्र मान्यता नाही.

== शिक्षण आणि व्यवसाय ==

प्रभातच्या पुण्यातील जागेत १९६० साली सुरू झालेल्या संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत, ध्वनिमुद्रण व ध्वनी आरेखनाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. पूकुट्टी हे याच संस्थेचे विद्यार्थी. कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेतही या विषयाचे शिक्षण मिळते. अभियांत्रिकीची पदवी सक्तीची नाही, पण इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेचे विद्यार्थी बिनतारी संदेशवहन आणि अंकीय संकेतप्रक्रिया या बाबी लवकर आत्मसात करतात. भौतिकशास्त्राची भीती बाळगून मात्र या क्षेत्रात फार पुढे जाता येत नाही.

काम बहुतांशी चित्रपटागणिक मिळते. कायम नोकऱ्या मिश्रण स्टुडिओ, वाहिन्या आणि चित्रपटगृहांची ध्वनियंत्रणा बसवणाऱ्या कंपन्यांत आढळतात. सुरुवात केबल गुंडाळण्यापासून होते, आणि ती नीट गुंडाळता येणे ही खरोखरीची पात्रता समजली जाते.

या व्यवसायाचे मुख्य साधन कान हेच आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने दिवसाला ८ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो असे मानले आहे. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास. अतिगोंगाटाने होणारी श्रवणहानी प्रथम ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दिसते. शब्दांची स्पष्टता ज्या व्यंजनांवर अवलंबून असते त्यांतील बराच भाग याच परिसरात येतो. ही हानी भरून येत नाही, म्हणून अनुभवी मिश्रक दिवसाचा बराचसा वेळ कमी पातळीवर काम करतात, ठरावीक अंतराने कानांना विश्रांती देतात आणि नियमितपणे श्रवणचाचणी करून घेतात.