जुनी ख्रिस्ती गीतं ऐकायचीत? या तीन ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करा

‘अबाइड विथ मी’ची धून अनेकांच्या कानात आहे. गांधीजींचं हे आवडतं गीत दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये कित्येक वर्षं वाजायचं. पण अशी जुनी इंग्रजी गीतं शब्दांसह ऐकायची तर सुरुवात कुठून करायची?

आधी एक गोष्ट. या गीतांचे शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची, असं बऱ्याचदा असतं. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द जॉन न्यूटन यांचे, १७७९ साली छापलेले. आजची चाल त्यांना अमेरिकेत १८३५ साली जोडली गेली. आपला अभंग नाही का, एकच, पण चाली अनेक? तसंच हे.

जॉनी कॅश, ‘माय मदर्स हिम बुक’ (२००४) : आईच्या जुन्या पुस्तकातली गीतं. एक गिटार आणि थकलेला आवाज, बाकी काही नाही. शब्द स्वच्छ कळतात. नवख्यांनी इथूनच सुरू करावं.

अरीथा फ्रँकलिन, ‘अमेझिंग ग्रेस’ (१९७२) : लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये लोकांसमोर गायलेलं. शीर्षकगीतच दहा मिनिटांच्या वर. एकेका शब्दावर त्या रेंगाळतात, समोरून दाद येत राहते.

इंडेलिबल ग्रेस : नॅशव्हिलचा गट. २००० पासून यांचे अल्बम येताहेत. शब्द जुने, चाली बऱ्याचदा नव्या.

शब्द वाद्यांच्या गजरात बुडत असतील, तर ते ध्वनिमुद्रण सोडून द्या. ही गीतं मुळात सगळ्यांनी मिळून म्हणायची आहेत. दुसऱ्यांदा ऐकताना तुम्ही आपसूक गुणगुणायला लागलात, की निवड बरोबर झाली समजा.