उन्हात मोटर का रुसते?

कार्ब्युरेटरची जुनी पेट्रोल जीप वैशाखात घाट चढून थांबते आणि मग काही केल्या चालू होत नाही. टाकीत तर पेट्रोल असते! मग गोम कुठे? पेट्रोलचा काही भाग ४० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतो. तापलेल्या इंजिनाजवळच्या नळीत त्याची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल पुढे ढकलतो; वाफ मात्र नुसती दबते, सरकत नाही.

अशा वेळी स्टार्टर मारमारून बॅटरी संपवू नका. चाकाला दगड लावा, बॉनेट उघडा, पंपावर व नळीवर ओले फडके ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत बहुधा वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. पेट्रोल गळताना दिसले, तर मात्र गाडी चालू करू नका. जवळ विडी पेटवणे म्हणजे मरणाला हाक! वारंवार असे होत असेल, तर नळी सायलेन्सरच्या नळापासून दूर बसवून घ्या.