भाड्याची जुनी गाडी घ्यावी का?

उसाचे बिल हाती पडले की महागावकडे जुन्या गाडीची बोलणी सुरू होतात. भाड्याने फिरलेली गाडी स्वस्त मिळते, पण रंग पाहून भुलू नका. मीटरवरही विसंबू नका. सर्व्हिसच्या नोंदी मागा, ओळखीचा मिस्त्री सोबत न्या.

पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी. ती घरची करायची तर मालकाने परवाना जमा करावा लागतो, कराचा फरक भरावा लागतो आणि आर.टी.ओ.ची मंजुरी लागते. कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला आधी पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विमा १४ दिवसांत नावावर करा.

हा सारा खर्च धरूनही परवडली तरच घ्या, असे आम्ही सांगतो. नाहीतर वर्षाच्या घामाचा पैसा गॅरेजात जायचा!