पाणी चढेना, पाणी उतरेना
एलजीच्या वॉशिंग मशीनवर ‘आयई’ झळकलं की पाणी आत येत नाही. ‘ओई’ आलं की बाहेर जात नाही.

पाणी आत येत नसेल तर पहिला संशय घ्यावा तो पाण्याचा पाइप मशीनला जोडतो तिथल्या इवल्याशा जाळीवर. बोअरचे क्षार, टाकीतला गाळ तिथेच अडकतो. नळ बंद करून, पाइप सोडवून जुन्या टूथब्रशने घासली की झालं. तरीही धार बारीकच? मग दाब कमी. अनेक मशीनना सुमारे ०.३ बार लागतो, म्हणजे टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच हवी. टाकीलगतच्या मजल्यावर हीच अडचण येते.

पाणी निघत नसेल तर प्लग काढून, खाली परात धरून पंपाचा फिल्टर उघडावा. नाणी, हेअरपिना, बाळाचे मोजे सापडतात.

सर्वांत फसवा दोष मात्र सांडपाण्याच्या पाइपचा. तो जमिनीवर लोळत असला तर पाणी भरता भरताच वाहून जातं आणि ठपका पाणी आत सोडणाऱ्या बिचाऱ्या व्हॉल्व्हवर येतो. फ्रंट लोड मशीनमध्ये पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवावा.