एक शब्द, एक पंगत

नाताळ जवळ आला की वृत्तपत्रांतून येशूच्या जन्मकथेविषयी चार शब्द लिहिले जातात. परंतु रविवारी प्रार्थनेस जमणारा समुदाय कोणत्या सूत्राने एकत्र बांधलेला असतो, त्याला ‘मंडळी’ हे नाव कशामुळे शोभते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आज आम्ही ल्यूथरपंथी मंडळीपुरता तो विचारणार आहोत. कारण या मंडळीने त्याचे उत्तर फार नेमक्या शब्दांत देऊन ठेवले आहे आणि ते उत्तर पाळणे किती अवघड असते याची साक्ष आपल्याच देशात, तंजावरात, घडलेली आहे.

मार्टिन ल्यूथर हा जर्मनीतील संन्यासी, विटेनबर्गच्या विद्यापीठात धर्मग्रंथ शिकविणारा आचार्य. पापाच्या दंडातून सूट देणारी पत्रे पैसे घेऊन विकली जात असलेली पाहून त्याने १५१७ मध्ये ९५ विधाने मांडली. विक्रीचा वाद हे निमित्त होते. मूळ तळमळ निराळी होती. आपण किती उपवास केले, किती जागरणे केली म्हणजे ईश्वर प्रसन्न होईल, या चिंतेने तो मठात पोळून निघाला होता. शेवटी त्याला उमगले ते हे की, ती कृपा मिळवावी लागत नाही, ती दिलेलीच आहे. श्रद्धेने ती घ्यावयाची एवढेच. वैष्णव आचार्यांनी मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन दृष्टान्त सांगितले आहेत. माकडाचे पिलू आईला घट्ट धरून बसते. मांजरीच्या पिलाला मात्र आईच तोंडात धरून नेते. ल्यूथर मार्जारन्यायाचा. कीर्तनात हा दृष्टान्त आम्ही शेकडो वेळा सांगितला असेल; तो जर्मन मठातील एका तळमळत्या जिवालाही लागू पडेल, हे तरुणपणी आमच्या स्वप्नातही नव्हते.

मग सत्कर्मांचे काय? ती हवीतच, पण ती कृपेची किंमत नव्हे, कृपेचे फळ होय. चांभाराने जोडा नीट शिवावा, आईने लेकराची दुपटी धुवावीत. ही देखील ईश्वरसेवाच, पुरोहिताच्या सेवेहून तसूभरही उणी नाही, असे ल्यूथरचे म्हणणे.

या श्रद्धेचा लेखी मसुदा १५३० मध्ये ऑग्सबर्ग येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर वाचण्यात आला. त्यात २८ कलमे आहेत. मंडळीची व्याख्या सातव्या कलमात आली आहे. जेथे शुभवर्तमान शुद्धपणे सांगितले जाते आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार यथायोग्य दिले जातात, तेथे मंडळी आहे. या दोन गोष्टींवर मतैक्य झाले म्हणजे पुरे. माणसांनी घातलेले रीतिरिवाज सर्वत्र सारखे असण्याची गरज नाही. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचेच काम पडणार आहे.

शब्द समजला पाहिजे म्हणून ल्यूथरने बायबल लोकभाषेत आणले. संपूर्ण ग्रंथ १५३४ मध्ये छापला गेला. कुटुंबप्रमुखाने घरातील माणसांना शिकवावी म्हणून १५२९ मध्ये एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. तीत प्रत्येक वचनापाठोपाठ एकच साधा प्रश्न येतो : याचा अर्थ काय? गाणे तर त्याने साऱ्या समुदायाच्या मुखी दिले. आणि प्रभुभोजनातील प्याला, जो तोवर पुरोहितापुरता राहिला होता, तो सर्वांना मिळावा असा आग्रह धरला. भाकर एक, प्याला एक, पंगत एक.

हा शब्द भारतात आला तो १७०६ मध्ये. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले झीगेनबाल्ग व प्लुट्शाउ हे दोन जर्मन तरंगंबाडीस उतरले. झीगेनबाल्ग तमिळ शिकला आणि १७१५ मध्ये तमिळ नवा करार छापून झाला. याच परंपरेतील श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या मराठा दरबारात इतका विश्वासू ठरला की सरफोजीराजांचे पालनशिक्षण त्याच्याकडे आले. राजे आपल्या धर्मात राहिले. पण श्वार्ट्झच्या स्मरणार्थ त्यांनी चर्चमध्ये संगमरवरी शिल्प बसविले. श्वार्ट्झचाच दुसरा शिष्य वेदनायगम शास्त्री, ख्रिस्ती कवी. त्याने येशूची कथा तमिळ पदांत बांधली.

१८२० ते १८३० या दशकात तंजावरच्या मंडळीत नव्या पिढीचे मिशनरी आले आणि त्यांनी एकदमच अनेक गोष्टींना हात घातला. देशी गीते नकोत, सणाला व लग्नाला फुले नकोत, जुने तमिळ भाषांतर बदलावे, आणि जातीजातींनी वेगवेगळे बसणे बंद व्हावे. शास्त्रीबुवा या सर्वांविरुद्ध उभे राहिले व त्यासाठी त्यांना सोसावेही लागले.

आम्ही सातवे कलम समोर ठेवून हा वाद पुनःपुन्हा तपासला आहे. गीत आणि फूल हे रिवाजच. ते काढून घेण्याचा मिशनऱ्यांना अधिकार नव्हता, येथे शास्त्रीबुवा खरे ल्यूथरपंथी ठरतात. पण बसण्याच्या जागा? त्याही देशाचार आहेत, धर्माचा त्यांच्याशी संबंध नाही, असा त्यांचा पक्ष. तो आम्हांस मान्य होत नाही. ज्याच्या शेजारी बसावयाचे नाही, त्याच्याबरोबर एका प्याल्याची पंगत कशी मांडावयाची? कृपा कोणाच्याच कमाईची नसेल, तर तिच्यापुढे कुळाचा मान कोठून आणावा? हे लिहिताना लेखणी थोडी अडखळते, कारण पंढरीच्या देवळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले होते, आणि ते दार अडवून धरणारे आमच्यासारखेच पोथी वाचणारे होते.

शास्त्रीबुवा १८६४ मध्ये निवर्तले. तरंगंबाडीच्या परंपरेतील तमिळ ल्यूथरपंथी मंडळींची स्वतःची स्वायत्त संस्था १९१९ मध्ये उभी राहिली. जी पदे बंद पाडावयाची होती, ती मात्र तमिळ चर्चमधून आजही गायिली जातात.