तबकड्यांतून घडलेलें संगीत : जमैकाचें रेगे



जगांतील बहुतेक संगीतप्रकार आधीं गळ्यांत जन्मले आणि पुष्कळ काळानंतर तबकडीवर आले. आज ज्या संगीताविषयीं मी बोलणार आहें, त्याची कथा थोडी उलट आहे. जमैका बेटांतील रेगे हें तबकड्या ऐकतां ऐकतां जन्मास आलें आणि तबकड्यांच्याच द्वारें जगभर पसरलें.

जमैका हें कॅरिबियन समुद्रांतील लहानसें बेट. १६५५ सालीं इंग्रजांनीं तें स्पेनकडून घेतलें आणि उसाच्या मळ्यांत आफ्रिकेंतून आणलेले गुलाम राबविले. १८३८ सालीं गुलामगिरी पूर्णपणें संपली. ६ ऑगस्ट १९६२ रोजीं बेट स्वतंत्र झालें. मेंटो नांवाचें लोकसंगीत तेथें पूर्वींपासून होतें. परंतु १९५० नंतर किंग्स्टन शहरांतील गोरगरिबांस वेड लावलें, तें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्यांनीं. घरीं ग्रामोफोन घेण्याची ऐपत फारच थोड्यांची. तेव्हां कांहीं हिकमती व्यापारी मोठमोठे ध्वनिवर्धक मांडून मोकळ्या अंगणांत नाचाचे जलसे भरवूं लागले. ह्या सरंजामास 'साउंड सिस्टिम' म्हणत. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे त्यांतील नामांकित प्रतिस्पर्धी. आपली तबकडी कोणाची हें दुसऱ्यास कळूं नये म्हणून तिच्यावरील नांवाची चिठ्ठी खरवडून टाकण्यापर्यंत ही चुरस गेली होती!

पुढें अमेरिकेंतून मनाजोग्या तबकड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हां हे लोक स्वतःच गीतें मुद्रित करूं लागले. डॉड ह्यांनीं १९६३ सालीं 'स्टुडिओ वन' हें मुद्रणगृह उघडलें. ह्या खटपटींतून प्रथम स्का हा द्रुत लयीचा प्रकार निघाला. १९६६ च्या सुमारास लय मंदावून रॉकस्टेडी झाला आणि १९६८ सालीं रेगे अवतरलें. त्याच वर्षीं मेटल्स मंडळीच्या 'डू द रेगे' ह्या गीतानें तें नांव तबकडीवर आणलें.

पण हें वाजविणारे वादक आले कोठून? किंग्स्टनमधील अल्फा बॉइज स्कूल ही कॅथॉलिक धर्मभगिनींनीं चालविलेली निराधार व वाट चुकलेल्या मुलांची शाळा. तेथें धंदेशिक्षणाबरोबर बँडहि शिकवीत. तेथील सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस ह्यांना संगीताची विलक्षण आवड. स्वतः तबकड्या जमवून त्या मुलांना ऐकवीत. १९६४ सालीं स्थापन झालेल्या 'स्कॅटलाइट्स' ह्या वाद्यवृंदांतील टॉमी मॅकुक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघेहि ह्याच शाळेचे विद्यार्थी. माझें आयुष्य वर्गांत गेलें असल्यामुळें मला ह्या सर्व इतिहासांत हें पान सर्वांत मोलाचें वाटतें. समाजानें ज्यांची आशा सोडली होती, त्या मुलांच्या हातीं कोणी तरी एक वाद्य दिलें, एवढेंच झालें. पण तेवढ्यानें एका राष्ट्रास त्याचा आवाज मिळाला.

हें संगीत प्रथम ऐकतांना आपला कान गोंधळतो, कारण आपणांस समेची संवय. मनांत एक, दोन, तीन, चार असें संथपणें मोजून पाहावें. जेथें आपण जोराची थाप अपेक्षितों, त्या पहिल्या मात्रेवर ढोल बहुधा गप्प असतो. ठोका पडतो तिसरीवर. ह्या रीतीस 'वन ड्रॉप' म्हणतात. गिटारची तुटक झणक दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येते, आणि खर्जांतील बेस गिटार नुसती साथ न करतां जणूं चालच गाते. आपल्या तालांत खालीची जागा ठरलेली असते. येथें समच रिती ठेवली आहे. त्या रितेपणामुळेंच ह्या लयीस डुलण्याची गति येते.

गीतांचा आशय पुष्कळदां रास्ताफारी पंथाचा. १९३० सालीं इथिओपियाच्या गादीवर आलेले हेले सेलासी ह्यांस हा पंथ ईश्वरावतार मानतो. दारिद्र्य, अन्याय आणि आफ्रिकेची ओढ हे त्याचे विषय. ते जगाच्या कानीं घातले बॉब मार्ली ह्यांनीं. १९७३ सालच्या 'कॅच अ फायर' ह्या संग्रहानें त्यांच्या वेलर्स मंडळीचें नांव परदेशीं झालें. २२ एप्रिल १९७८ रोजीं किंग्स्टनच्या जलशांत त्यांनीं पंतप्रधान मॅन्ले आणि विरोधी पक्षाचे पुढारी सीगा ह्यांचे हात व्यासपीठावर एकत्र धरले. राजकीय रक्तपात त्यामुळें थांबला नाहीं. १९८० ची निवडणूक अधिकच हिंसक झाली. गाण्यापासून किती अपेक्षा करावी, ह्याचाहि हा एक धडाच. मार्ली १९८१ सालीं अवघ्या ३६ व्या वर्षीं वारले.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूची कथा याहून नवलाची. तेथें त्याच गीताची गळा वगळलेली आवृत्ति छापीत. विद्युद्यंत्रें दुरुस्त करणारे किंग टबी हे कारागीर तिच्यांत ढोल व बेस पुढें आणीत, मधूनच एखादा स्वर प्रतिध्वनीच्या खोल विहिरींत सोडीत. ह्या कलेस 'डब' म्हणतात. अशा आवृत्तीवर यू-रॉय ह्यांच्यासारखे वाक्पटु लोक तालांत बोलत. किंग्स्टनला जन्मलेल्या कूल हर्क ह्यांनीं १९७३ सालीं न्यूयॉर्कमध्यें जे जलसे भरविले, त्यांतून हिप-हॉप उदयास आलें.

एक गोष्ट मात्र मनास लागते. वादकास बहुधा गीतागणिक ठरीव रक्कम मिळे. पुढें तोच ठेका अनेक तबकड्यांवर पुन्हां पुन्हां वापरला जाई, तरी त्याच्या पदरीं कांहींच पडत नसे. पुष्कळ तबकड्यांवर त्याचें नांवसुद्धां छापलेलें नाहीं. २०१८ सालीं युनेस्कोनें रेगेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत केला, हें उचितच झालें. पण त्या अनामिकांचें ऋण फेडावयाचें असेल, तर श्रोत्याजवळ एकच नाणें आहे : लक्ष. पुढल्या खेपेस हें गाणें कानीं पडलें, तर गायकाचे शब्द क्षणभर बाजूस ठेवून खालचा तो खर्ज ऐकावा. खरी कथा तोच सांगत असतो.